भिंतीपाशी काढलेल्या सपाता

१

उन्हाळा लागला की अर्धं तेहरान उरलेल्या अर्ध्या तेहरानच्या घरात शिरून नळ सोडून बघतं. वर्षाचे करार याच दिवसांत संपतात. मालक नवा आकडा सांगतो, भाडेकरू मान खाली घालतो आणि पुढचे दोन महिने अनोळखी दारांत चपला काढत हिंडतो. टीव्हीवर एक तुकतुकीत चेहऱ्याचा अधिकारी दर वर्षी सांगतो की भाडेवाढीला आम्ही मर्यादा घातली आहे. ती मर्यादा नेमकी कुठल्या खोलीत ठेवली आहे हे त्याला कुणी विचारत नाही. विचारणाऱ्यांना तिथे बोलावतच नाहीत.

तूबानं त्या उन्हाळ्यात तेरा घरं पाहिली होती. ती पडदे शिवायची. लोकांच्या नव्या घरांच्या खिडक्या मोजायच्या, कापड बेतायचं, शिवून टांगून यायचं. म्हणून स्वतःसाठी घर बघायला जातानाही तिच्या पिशवीत लोखंडी टेप असे. नवरा ईरज सत्तावीस वर्षं शहर बस चालवून निवृत्त झाला आणि वर्षभरात त्याची मूत्रपिंडं गेली. शनिवारी, सोमवारी आणि बुधवारी त्याला चार-चार तास मशीनवर पडून राहावं लागे. त्या दोघांना खरं तर इस्पितळापासूनचं अंतर भाड्यानं घ्यायचं होतं. घर त्याच्याबरोबर येणार होतं.

अमीराबाद मोहल्ल्यातून ती दोघं सत्तारखानला आली, तिथून जैहूनला. दर वेळी शहराच्या उतारावर थोडी खाली, दर वेळी एखादं कपाट विकून. आता याच्या खाली परंद होतं. परंद म्हणजे शहराबाहेरच्या माळावर उभे केलेले टॉवर, वारा आणि दीड तासाची बस.

चौदावं घर सलसबीलमध्ये होतं, तिसऱ्या मजल्यावर.

"लिफ्ट नाहीये," एजंट कमाली जिन्यात म्हणाला, "पण जिना चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय?" ईरज कठड्याला धरून धापा टाकत होता. "स्वतःच वर नेतो का?"

दार अकदस खानुमनं उघडलं. सत्तरीची, पांढऱ्या ओढणीची, बारीक बाई. तीच तिथली भाडेकरू. त्या शहरात घर भाडेकरूच दाखवतो, आणि मनापासून दाखवतो. डिपॉझिटची मोठी रक्कम एकदम मालकाला द्यायची आणि महिन्याचं भाडं थोडं ठेवायचं, अशी तिथली रीत. मालक ती रक्कम कधीच खर्चून बसलेला असतो. त्यामुळे जुन्याचे पैसे तेव्हाच सुटतात, जेव्हा नवा येऊन आपले भरतो.

"उन्ह येतं का?" तूबानं विचारलं.

"सकाळी भरपूर."

"पाणी?"

"बाराही महिने."

मोठी खोली स्वच्छ होती, पण सामान चमत्कारिक लावलेलं. सोफा, कपाट, शिवणाचं टेबल, सगळं डावीकडच्या भिंतीपासून हातभर लांब. गालिचा बारा मीटरी, म्हणजे बारा चौरस मीटरचा, होता, चार मीटर लांबीचा, आणि त्या भिंतीकडची त्याची कड दोन वीत आत दुमडलेली.

"ओल येते की काय भिंतीला?"

"ओल नाही, हात लावून बघा. गालिचा मोठ्या घरासाठी घेतला होता हो."

तूबाला वाईट वाटलं. तिनं टेप काढून त्या बाजूची लांबी मोजली. तीन मीटर पंच्याऐंशी. तिचा स्वतःचा गालिचा नऊ मीटरी होता, साडेतीन मीटर लांबीचा. अगदी ऐसपैस बसला असता.

टेप गुंडाळताना तिला सपाता दिसल्या. दुमडलेला गालिचा आणि भिंत यांच्या मधल्या उघड्या फरशीवर बायकी सपातांचा एक जोड नीट शेजारी शेजारी ठेवला होता. टोकं भिंतीकडे. दारात काढून कुणी आत जावं, तसा. पण तिथे दार नव्हतं, खुंटीसुद्धा नव्हती. तूबानं लहानपणापासूनच्या सवयीनं वाकून तो जोड उचलला आणि टोकं बाहेरच्या दिशेला करून ठेवला. घरात आलेल्या माणसाच्या चपला अशा वळवून ठेवायच्या, म्हणजे निघताना पाय सरळ आत जातो. चांगल्या घरच्या मुलींना हे कुणी शिकवावं लागत नाही.

अकदस खानुम चहा घेऊन आत येत होती. तिच्या हातातलं तबक खळखळ वाजलं.

"राहू द्या," ती म्हणाली. मग हसली. "मरो ते, चहा घ्या."

२

त्यांनी घर घेतलं. नाही घेतलं तर काय करणार होते?

रीतीप्रमाणे सामानाच्या आधी आरसा आणि कुराण आत गेलं, मग गालिचा. तो पसरल्यावर डाव्या भिंतीशी टेपेनं बरोबर पस्तीस सेंटिमीटर फरशी मोकळी राहिली. ईरजचा पलंग तूबानं त्याच भिंतीला लावला, कारण समोर खिडकी होती आणि पडल्या पडल्या त्याला रस्त्यावरची बस दिसायची.

"वळण चुकतोय हा," तो म्हणायचा. "कोण आहे रे हा गाढव?"

कराराच्या कागदावर खोलीची लांबी चार मीटर साठ लिहिली होती. तूबानं कमालीला फोन केला. कमाली हसला.

"खानुम, तेहरानात कागदावरचं घर आणि पायाखालचं घर कधी एक झालंय? ते भिंतीची जाडी धरतात, जिन्याचा वाटा धरतात. उद्या आभाळ पण धरतील."

हे तिला पटलं. पाऊण मीटर कागदावरच खाल्लं जाणं ही त्या शहरात बातमी नाही.

३

आबान महिन्यात थंडी सुरू झाली. एका मंगळवारी झाडताना केरसुणी अडली. गालिच्याची झालर भिंतीला टेकायला आली होती.

गालिचा सरकतो, गुळगुळीत फरशीवर तर सरकतोच. तूबानं दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. तिथे तो कपाटाच्या पायांखाली होता, जिथे पहिल्या दिवशी ठेवला तिथेच. चार जणांनी उचललेलं कपाट. ती उभी राहिली. मग गुडघ्यावर बसून तिनं मोकळी फरशी मोजली.

अकरा सेंटिमीटर.

ती चोवीस वर्षं खिडक्या मोजत होती. एका बोटाची चूक झाली तर पडदा फुकट जातो, आणि पडद्याचे पैसे तिच्या खिशातून जातात. तिनं कधी चोवीस सेंटिमीटर चुकवले नव्हते. तरी ती स्वतःला म्हणाली, उन्हाळ्यात घाई होती, ईरज जिन्यात धापा टाकत होता, टेप तिरकी धरली असेल. पलंग मात्र भिंतीला चिकटलेलाच होता. कुणी सरकवला नसताना.

तिनं शिवणाच्या खडूनं फरशीवर एक रेघ मारली, भिंतीपासून चार बोटांवर.

महिन्याभरानं रेघ नव्हती. पुसलेली नव्हती. तिथे भिंत होती.

"ईरज, ही खोली लहान होतेय."

"सगळ्याच होतात," तो डोळे मिटून म्हणाला. बुधवार होता, मशीनवरून आला की तो पिळून टाकलेल्या कापडासारखा पडून राही. "सत्तावीस वर्षं मी लोकांच्या नावानं ओरडलो. आत सरका, आत जागा आहे. आता भिंत मला सांगतेय."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मी पण नाही."

४

दय महिन्यात, ऐन हिवाळ्यात, झालर दुमडायला लागली. तूबानं पलंग ओढून भिंतीपासून लांब केला. दुसऱ्या दिवशी ती खिडकीचं माप घ्यायला बाहेर गेली होती; परत आली तर तो पुन्हा भिंतीला लागलेला. ईरजच्या अंगात उशी उचलायची ताकद नव्हती.

"तू सरकवलास?"

"मला इकडेच बरं वाटतं. ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

तो ओशाळा होऊन हसला. "चहा."

त्याला दिवसाला मोजून दोन पेले पाणी होतं. औषध, सूप, चहा सगळं त्यातच. तूबा एका खुणेच्या भांड्यानं मोजून द्यायची. चहा म्हणजे सकाळी अर्धी प्याली. माणूस तहानेला की त्याला नळाच्या आवाजातही काय काय ऐकू येतं, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी दुपारी तो झोपल्यावर तिनं भिंतीला कान लावला.

आधी काहीच नव्हतं. मग काचेच्या प्यालीत चमचा फिरल्याचा आवाज आला. साखरेचा खडा दातात धरून पिणाऱ्या त्या शहरात चमचा फक्त खडीसाखरेच्या चहात फिरतो, आणि तो चहा आजाऱ्याला देतात. चमचा सावकाश फिरत होता, कुणाला काही घाई नसल्यासारखा. मग थांबला. प्याली बशीत ठेवली गेली. आणि अगदी जवळून, भिंतीच्या पलीकडच्या अंगाला टेकून कुणी श्वास सोडावा तसा एक श्वास.

शेजारची बिल्डिंग असणार. पण डाव्या बाजूला शेजारची बिल्डिंग नव्हती, हे तिला माहीत होतं. ती चपला घालून तडक खाली गेली.

त्या अंगाला मोकळा प्लॉट होता. पाडलेल्या घराचा राडारोडा, दोन कुत्री, आणि इथे लवकरच बारा मजली काहीतरी उभं राहणार असल्याचा फलक. भिंत सरळ, सिमेंटची, एकही भोक नाही. तिसऱ्या मजल्याबाहेर फक्त हवा होती.

तिनं रस्त्याकडून दर्शनी बाजू पाहिली. त्यावर चाळीस-चाळीस सेंटिमीटरच्या फरश्या बसवल्या होत्या. आपल्या खिडकीच्या कडेपासून इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत तिनं त्या मोजल्या. सात. दोन मीटर ऐंशी. वर येऊन तेच अंतर आतून मोजलं. खिडकीच्या कडेपासून भिंतीपर्यंत एक मीटर पंचेचाळीस.

भिंतीची जाडी पंचवीस धरली, तरी मधे एक मीटर दहा उरत होते. तेवढ्या रुंदीत माणसाला आडवं पसरता येत नाही. बसता येतं.

तिनं कमालीला फोन लावला. या वेळी तो हसला नाही.

"खानुम, करार वर्षाचा आहे. मालक टोरांटोत. मधेच सोडायचं असेल तर तुम्ही माणूस आणा, तो पैसे भरेल, ते मी तुम्हाला देईन. माणूस नाही तर पैसे नाहीत."

"आणि घर? घराचं काय चाललंय ते बघायला येणार का कुणी?"

"घराला काय झालंय? तुम्ही घेतलंत तेव्हापासून त्याचा भाव दीडपट झालाय."

५

अकदस खानुमचा नंबर कराराच्या पाठीवर होता. तिनं तिसऱ्या वेळी उचलला. मागे वारा वाजत होता, परंदला असावी.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," तूबा म्हणाली.

"तुम्ही विचारलंत का? उन्ह विचारलंत, पाणी विचारलंत. माझ्या घरात अठरा जणं येऊन गेली. एकानं विचारलं नाही की बाई, तू का चाललीस?"

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना. तबक वाजलं नव्हतं का माझ्या हातात? आम्ही आलो तेव्हा खोली पूर्ण होती. चार मीटर साठ. मी आणि माझी धाकटी बहीण, इशरत. दहा वर्षांत आमचं ते नववं घर. इशरतचा पलंग त्या भिंतीला होता."

"मग?"

"तिचं सारखं एकच. ताई, आता माझ्यानं परत सामान बांधवत नाही."

तूबानं विचारलं, पण विचारायच्या आधीच तिला उत्तर नको होतं. "कुठे आहे ती आता?"

"राहिली."

फोनमध्ये नुसता वारा होता.

"सपाता काढून गेली," अकदस खानुम म्हणाली. "नीट, जोडीनं. मी दोन महिने रोज सकाळी त्या वळवून ठेवायचे. टोकं बाहेर. निघावंसं वाटलं तर पाय सरळ आत जावा म्हणून. तुम्ही पण वळवल्यात त्या दिवशी, मी बघितलं. देव तुमचं भलं करो. पण उपयोग नसतो हो. तुमच्या नवऱ्याचा पलंग कुठे आहे?"

तूबानं फोन ठेवला.

ती खोलीत आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. लख्ख उजेड होता. ईरज कुशीवर झोपला होता, भिंतीकडे तोंड करून, डावा हात पुढे टाकलेला. मनगटापर्यंत हात दिसत होता. मनगटाच्या पुढे भिंत होती.

ती किंचाळली नाही. तिनं दोन्ही हातांनी त्याचा खांदा धरून मागे ओढलं. तो चिडून जागा झाला. हात पाचही बोटांसकट तिच्या समोर होता. गादी आणि भिंतीच्या फटीत गेला असेल, ती म्हणाली. पांढरी बाही, पांढरी भिंत, शिवून शिवून चुरचुरणारे डोळे. हे सगळं तिनं स्वतःला नीट क्रमानं समजावलं.

मग तिनं त्याची बोटं हातात घेतली. सुयांनी थंड पडलेला तो हात गेली दोन वर्षं कधी गरम नसायचा. आता बोटांची टोकं उबदार होती, नुकती चहाची प्याली धरल्यासारखी. आणि किंचित चिकट.

६

"परंदला मला मारायला नेतेयस," ईरज म्हणाला.

"तिकडच्या मशीनवर नंबर लागेपर्यंत आपण टॅक्सी करू. मी जास्तीचे पडदे घेईन."

"पहाटे चारला उठायचं. आठवड्यातून तीनदा. आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खोकी." त्याचा आवाज चढला नाही, हेच तिला सहन होईना. "तूबा, मी दमलोय गं. तिकडे मोजत नाहीत."

"कुठे?"

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं पलंग स्वयंपाकघरात नेऊन लावला आणि घर दाखवायला सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यात सहा जण आले. तिनं सगळ्यांना सकाळी बोलावलं, उन्ह दाखवलं, नळ सोडले. गालिच्याची कड वीतभर दुमडली होती, त्यावर तिनं एक बैठं टेबल ठेवलं. एकानं विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून आपोआप निघालं, "मोठ्या घरासाठी घेतला होता हो." चोवीस वर्षांत तिनं कुणाला खोटं माप दिलं नव्हतं.

सातवी आली शकीबा. सव्वीसेक वर्षांची, औषधांच्या दुकानात कामाला, सहा महिन्यांची गरोदर. नवरा दोन नोकऱ्या करत होता, म्हणून एकटीच आली होती. तिनं दारात बूट काढले आणि पिशवीतून टेप काढली.

तूबा तिच्या आणि भिंतीच्या मधे येऊन उभी राहिली.

"किती आहे ही बाजू?" शकीबा टेपेचं टोक शोधत म्हणाली.

"बस," तूबा म्हणाली. "मोजू नकोस. मी सांगते. आज तीन मीटर छत्तीस आहे. मी आले तेव्हा तीन पंच्याऐंशी होती. माझ्या आधी चार साठ. महिन्याला चार बोटं जातात. तू ऐकतेयस ना? ही भिंत पुढे येते. हिच्या मागे जागा आहे आणि त्या जागेत कुणीतरी आहे. तुझं बाळ इथे झोपवू नकोस. मी वेडी नाही, मी पडदे शिवते."

स्वयंपाकघरातून ईरजचा आवाज आला. "संपलं. वाटोळं केलंस."

शकीबा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर अविश्वास नव्हता. तूबाला तेच आठवत राहिलं पुढे, की ती एकदाही हसली नाही. तिनं टेप लावली. तीन छत्तीस. मग ओठ हलवत हिशेब केला.

"महिन्याला चार बोटं. नक्की? जास्त नाही?"

"चारच."

"बारा महिने, अठ्ठेचाळीस बोटं. म्हणजे नव्वद धरू. उरले दोन सेहेचाळीस." तिनं पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "पलंग बसतो. पाळणा मधे आला तर चालेल. खानुम, आमचा करार वर्षाचाच आहे. वर्षभर पुरेल ना?"

"मुली, तुला कळलं का मी काय म्हणाले?"

"कळलं." ती पोटावर हात ठेवून खाली बसली. "आतापर्यंत बावीस घरं बघितली मी. तळघर बघितलं, गॅरेज बघितलं. एकाच्या न्हाणीघरात चूल होती. सगळे म्हणाले, काही नाही हो, छान घर आहे. तुम्ही पहिल्या, ज्यांनी खरं सांगितलं. डिपॉझिटमध्ये थोडं कमी होईल का?"

७

सामान हलवायचा दिवस नवरोजच्या, वसंतातल्या नव्या वर्षाच्या, आधीचा. सगळ्या गल्लीत गालिचे धुऊन कठड्यांवर टाकले होते. कमालीनं सकाळीच पैसे हातात दिले होते. दहा वाजता ट्रक आला; अकरापर्यंत सगळं खाली गेलं. ईरजला तूबानं स्वतः धरून जिना उतरवला आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवलं. त्याच्या पायात घरातल्या सपाताच होत्या. सुजलेल्या पावलांत बूट जात नव्हते.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"कुठे हलणार?" तो म्हणाला, आणि स्टिअरिंगकडे बघून हसला. "हा मला चालवायला देणारे का?"

ती मागे गेली. शिलाई मशीन नीट बांधलंय का बघायला, दोरीला एक गाठ जास्त मारायला. पाच मिनिटं. फार तर सहा. परत आली तेव्हा सीट रिकामी होती.

"उशी राहिली म्हणाले," ड्रायव्हर म्हणाला. "मी म्हटलं मी आणतो, तर म्हणाले, मला जिना पाठ आहे."

तीन मजले. जो माणूस एका मजल्यात दोनदा थांबायचा. तूबा धावत चढली. जिन्यात कुणी नव्हतं. दार उघडं होतं.

खोली रिकामी होती. गालिचा उचलल्यामुळे फरशी उघडी पडली होती आणि खोली आधी होती त्याहूनही लहान वाटत होती. खिडकीतून उन्ह येत होतं, अकदस खानुमनं सांगितलं होतं तसं, भरपूर. उशी खोलीच्या मधोमध पडली होती.

सपाता भिंतीपाशी होत्या. तपकिरी, डावीची टाच झिजलेली. नीट शेजारी शेजारी. टोकं भिंतीकडे.

तिनं हाक मारली नाही. भिंतीवर थाप मारली, शेजारच्या दारावर मारतात तशी, सभ्यपणे, दोनदा. मग गुडघ्यावर बसून गाल फरशीला लावला. भिंत जिथे फरशीला मिळते तिथे केसाएवढी उजेडाची रेघ होती, पिवळी, घरगुती. त्या रेघेत दोन काळे ठिपके होते, कुणी उभं असावं तसे. मग त्यांच्या शेजारी आणखी दोन येऊन थांबले. चमचा फिरला. एक प्याली, आणि तिच्यामागोमाग दुसरी.

"आत जागा आहे, तूबा," असं आपण ऐकलं, असं ती म्हणते. पण ती हेही म्हणते की खाली त्याच वेळी ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

रेघ विझली. तिथे भिंत होती, कोरडी, ओल नसलेली. हात लावून बघावी अशी.

जिन्यात पावलं वाजली. शकीबा दारात उभी राहिली; एका हातात आरसा, दुसऱ्या हातात कुराण, एवढ्या पायऱ्यांनी धाप लागलेली. तिनं खोलीत पाहिलं, फरशीवर बसलेल्या बाईकडे पाहिलं, मग सपातांकडे.

"खानुम," ती हलकेच म्हणाली, "आमचं सामान खाली आलंय. ट्रक तासावर घेतलाय."

"हो," तूबा म्हणाली. "झालंच."

ती उठली नाही. तिनं आधी डावी सपात उचलली, मग उजवी. बाहीनं त्यांवरची धूळ पुसली. टोकं बाहेरच्या दिशेला करून तिनं त्या पुन्हा तिथेच ठेवल्या, एकीला एक लावून, म्हणजे निघताना पाय सरळ आत जावा.

मग ती शकीबाकडे वळली.

"रोज सकाळी," ती म्हणाली. "एवढंच करशील का?"

शकीबानं आरसा भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्या भिंतीला.

"करीन," ती म्हणाली. "किती महिने?"